२ लाख ४० हजार सॅम्पल: पॅकनुसार ठेवावीत की प्रकारानुसार? आणि ढोलकी-संबळचं काय करावं?

पिंपळपान_बीट्स

मंडळी, सॅम्पलचा (गाण्यात वापरायच्या तयार आवाजांच्या फाइलींचा) साठा नव्याने लावायचा आहे. हात घालण्याआधी जाणकारांचं मत हवं.

आजची स्थिती अशी: विंडोज ११चा लॅपटॉप, एबलटनचं लाईव्ह १२ हे मुख्य संगीत-सॉफ्टवेअर, रेकॉर्डिंग आणि संपादनासाठी रीपर. सॅम्पल २ टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक्सफॅट फॉरमॅटमध्ये, कारण तीच डिस्क स्टुडिओतल्या मॅकलाही लागते. एकूण २ लाख ४० हजारांच्या आसपास फाइली, ८७० जीबी. बहुतेक सगळं डाउनलोड केलेल्या पॅकच्या (सॅम्पल-संचांच्या) मूळ फोल्डरांत. शिवाय स्वतः रेकॉर्ड केलेले ढोलकी, संबळ, हलगी, दिमडी आणि टाळ यांचे सुमारे १८०० तुकडे, त्यांची नावं रेकॉर्डरने दिलेली, म्हणजे नुसते आकडे.

अडचणी तीन. ‘किक’ शोधलं की १९ हजार निकाल येतात. थोडा वेळ थांबून पुन्हा क्लिक केलं की पहिलं सॅम्पल वाजायला पाच-सहा सेकंद लागतात. आणि मॅकवरून परत आल्यावर काही फाइली दुप्पट दिसतात; त्यातली एक वाजते, दुसरी मुकी.

प्रश्न: पॅक मोडून सगळं किक, स्नेअर, हॅट असं लावावं का? जुने ६० प्रोजेक्ट आहेत, ते तुटायला नकोत. आणि देशी वाद्यांच्या फाइलींना नावं कशी द्यावीत?

कोठीवाला

पॅक मोडू नका. सॅम्पलच्या बाबतीत होणारी सगळ्यात महागडी चूक तीच.

पॅक मोडला की तीन गोष्टी एकदम जातात. फाइल कुठून आली ते कळत नाही, म्हणजे परवान्याचा कागद कोणत्या सॅम्पलचा हेही कळत नाही; उद्या गाण्यावर कॉपीराइटचा दावा आला तर दाखवायला हातात काही नसतं. दुसरं, एकाच पॅकमधले किक आणि स्नेअर एकमेकांसाठी घडवलेले असतात, ती जोडी फुटते. तिसरं म्हणजे नावांची टक्कर. ‘किक ०१’ नावाच्या फाइली तुमच्याकडे पन्नासएक तरी असतील. एका फोल्डरात ओतल्या की विंडोज त्यांना कंसातले आकडे लावत सुटेल, नाहीतर तुम्ही घाईत ‘रिप्लेस’ दाबाल.

साठ्याचे दोन भाग करा. एक कोठार, एक फडताळ.

कोठार म्हणजे आजचे ८७० जीबी, पॅक जसेच्या तसे. तिथे फक्त सफाई करायची, मांडणी नाही. फडताळ म्हणजे तुम्ही ऐकून, निवडून, प्रकारानुसार लावलेल्या फाइलींच्या प्रती. रोजचं काम फडताळातून. तिथे नाहीच मिळालं तर कोठारात जायचं, आणि तिथून जे सापडेल त्याची प्रत येताना फडताळात टाकायची.

प्रती केल्याने जागा जाईल ही भीती सोडा. अर्ध्या सेकंदाचा, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वन-शॉट (एकच ठोका) १३२ केबीच्या आसपास असतो. असे ३००० निवडले तरी ४०० एमबी. त्यात लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) मिळवले तरी फडताळ २-३ जीबीच्या पुढे क्वचित जातं. म्हणजे ते लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर बसतं, आणि तुमचा तो पाच-सहा सेकंदांचा अडखळाही रोजच्या कामातून निघून जातो.

१९ हजार किक दीड सेकंदाला एक या वेगाने ऐकले तरी आठ तास लागतील. शंभर किक अडीच मिनिटांत होतात. त्यामुळे फडताळातल्या कुठल्याही शेवटच्या फोल्डरात १०० ते १५० फाइलींपेक्षा जास्त ठेवू नका. त्याच्या पुढे गेलं की फोल्डर दुभागा, पण स्वभावानुसार: ‘किक – ठोस’, ‘किक – लांब शेपटीचे’, ‘किक – खरा ड्रम’. खोली तीन पायऱ्यांपर्यंत. चौथी पायरी आली की माणूस माउसने शोधायला लागतो आणि गाणं बाजूला राहतं.

फडताळात फाइल टाकताना नाव बदला, कोठारात कधीच नाही. क्रम असा: प्रकार, स्वभाव, सूर असल्यास सूर, वेग असल्यास वेग, आणि शेवटी पॅकचं चार-पाच अक्षरी लघुरूप. वेग नेहमी तीन आकडी: ९० नाही, ०९०. नाहीतर १०० आणि १२८ हे ९०च्या आधी येऊन बसतात. सुरांत शार्प आणि फ्लॅट यांतलं एकच काय ते ठरवा. सी शार्प आणि डी फ्लॅट दोन्ही वापरले तर शोधताना अर्धे निकाल गळतात. शार्पसाठी हॅशचं (#) चिन्ह टाळून अक्षर वापरा, कारण एसएफझेड या सॅम्पल-वाद्यांच्या फाइल-प्रकाराच्या मजकुरात त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे.

जुन्या प्रोजेक्टांबद्दल: कोठार हललं नाही तर ते तुटणारच नाहीत. तरी जे प्रोजेक्ट पुन्हा उघडायची शक्यता आहे ते लाईव्हमध्ये उघडून ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ करा. रीपरमध्ये ‘सेव्ह ॲज’च्या खिडकीत सगळं मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करण्याची चौकट असते, ती टिकवा. एक लक्षात ठेवा: फाइल हलवली तर दोन्ही सॉफ्टवेअर नावावरून शोधून देऊ शकतात. फाइलीचं नाव बदललं तर हाताने जोडत बसावं लागतं.

खटका

डिस्कबद्दल लिहितो, कारण तीनपैकी दोन दुखणी तिथली आहेत.

मुक्या जुळ्या फाइली: मॅक जेव्हा एक्सफॅटवर लिहितो तेव्हा फाइलीची जादा माहिती ठेवायला त्याला जागा नसते, म्हणून तो टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक जोडफाइल बनवतो. एक्स्टेन्शन तेच, आकार साधारण ४ केबी, आत आवाज नाही. मॅकवर ती लपलेली असते, विंडोजवर उघडी पडते. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘डॉट क्लीन’ नावाची आज्ञा आहे, ती या जोडफाइली आवरते. विंडोजवर करायचं तर ‘एव्हरीथिंग’ या मोफत प्रोग्रॅममध्ये टिंब-अंडरस्कोर टाकून शोधा, आकारानुसार लावा आणि फक्त ४ केबीच्या आसपासच्या उडवा. आकार न पाहता ‘सगळं सिलेक्ट, डिलीट’ करू नका. नावाच्या मधेच टिंब-अंडरस्कोर असलेल्या खऱ्या फाइलीही निकालात येतात.

पहिल्या क्लिकचा अडखळा: हार्ड डिस्क झोपते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये डिस्क बंद होण्याची वेळ शून्य करा. पण बऱ्याच बाहेरच्या डिस्कच्या डबीत स्वतःचा टायमर असतो, तो विंडोजचं ऐकत नाही. खरा इलाज एसएसडी. इथे सेकंदाला ५०० एमबी की १००० याने फरक पडत नाही. शेकडो छोट्या फाइली इकडून तिकडून उचलायच्या आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी काटा सरकायला लागणारे मिलिसेकंदच भारी पडतात. घेताना १ टीबीची घेऊ नका. विंडोज तिला ९३१ जीबी दाखवेल आणि तुमचा साठा ८७०चा आहे.

आता एक्सफॅटची गोम. विंडोज मोठी डिस्क एक्सफॅटने फॉरमॅट करताना क्लस्टर (जागेचा सगळ्यात छोटा खण) १२८ केबीचा धरतो. फाइल २ केबीची असली तरी डिस्कवर १२८ केबी खाते. वर कोठीवाला यांनी सांगितलेला अर्ध्या सेकंदाचा वन-शॉट १,३२,३०० बाइट्सचा, आणि क्लस्टर १,३१,०७२चा. म्हणजे तो थोडक्यात चुकतो आणि दोन क्लस्टर अडवतो, २५६ केबी. त्यात लाईव्ह ज्या फाइलीचं विश्लेषण करतो तिच्याशेजारी ‘एएसडी’ नावाची छोटी माहिती-फाइल ठेवतो. सगळ्या २ लाख ४० हजारांना एएसडी झाली तर नुसत्या त्यांनीच ३० जीबीच्या आसपास जागा गिळली. नवी एसएसडी फॉरमॅट करताना ‘अलोकेशन युनिट साइझ’मध्ये ३२ केबी निवडा. मॅकची गरज नसती तर मी सरळ एनटीएफएस म्हटलं असतं, पण मॅक ते फक्त वाचतो, लिहीत नाही.

एएसडी फाइली सरसकट उडवू नका. क्लिपमध्ये वॉर्प (गाण्याच्या वेगाशी जुळवणी) नीट लावून ‘सेव्ह’ केलेलं असेल तर ते त्या एएसडीतच असतं.

किरकोळ पण लागेल असं: डिस्कला विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून कायमचं एक अक्षर द्या, मॅकवरचं डिस्कचं नावही बदलू नका. मार्ग छोटा ठेवा. २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून अनेक प्रोग्रॅम पाळतात, आणि झिपच्या आत झिप असलेले पॅक तिथवर सहज पोचतात; मग फाइल ब्राउझरमध्ये दिसते पण उघडत नाही. डिफेंडरच्या सततच्या तपासणीतून सॅम्पलचं फोल्डर वगळता येतं, पण नवीन झिप दुसरीकडे उघडून, तपासून मगच आत आणा. आणि एक्सफॅटला जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) नसतं. डिस्क ‘इजेक्ट’ न करता उपटली की कोठार जाऊ शकतं, तेव्हा दुसरी प्रत हवीच. फ्रीफाइलसिंकने आठवड्यातून एकदा आरसा-प्रत पुरते.

पिंपळपान_बीट्स

३२ केबीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. कोठारातल्या सफाईत नेमकं काय काय करायचं? डुप्लिकेट भरपूर आहेत हे नक्की.

कोठीवाला

चकाव्का (Czkawka) नावाचं मोफत, मुक्तस्रोत साधन आहे. पोलिश शब्द आहे तो, उचकी या अर्थाचा. त्यात हॅशवरून (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ओळख-आकड्यावरून) डुप्लिकेट शोधा. पण हॅश पूर्ण फाइलीचा निघतो. आवाज तोच असून एकीत कोणी टॅग लिहिले असतील तर हॅश वेगळा येतो आणि जोडी सुटते. डब्ल्यूएव्ही आणि एआयएफएफ अशा दोन्ही रूपांत दिलेले पॅकही सुटतात, ते फोल्डरच्या नावावरून हाताने पकडा. डुप्लिकेट उडवताना कोणती प्रत ठेवायची याचा नियम आधी ठरवा: जिच्या फोल्डरात परवान्याची फाइल आहे ती. जुन्या प्रोजेक्टांचं ‘कलेक्ट’ याच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही.

मग, मल्टिसॅम्पल (एकाच वाद्याचा प्रत्येक सूर वेगळ्या फाइलीत) बाजूला काढा. यावर कोणी फारसं बोलत नाही, पण शोधातला कचरा सगळ्यात जास्त इथून येतो. ८८ पट्ट्या, ४ जोर (हळू ते जोरात), प्रत्येकी २ फेरे (तोच आघात पुन्हा वाजवून घेतलेला), म्हणजे एका पियानोच्या ७०४ फाइली. त्या एकेकट्या ऐकायच्या नसतातच. त्यांचं फोल्डर लाईव्हच्या ‘प्लेसेस’मध्ये (ब्राउझरमधल्या फोल्डरांच्या यादीत) जोडूच नका; सॅम्पलरच्या प्रीसेटमधून त्या आपोआप उघडतात. पॅकमधली डेमो गाणी, एमपी३ आणि मिडी फाइलीही अशाच वेगळ्या.

‘किक’च्या १९ हजारांत ‘नो किक’ असं नाव असलेले ड्रम लूपही असणार. कोठार जोडताना वन-शॉट आणि लूप यांची फोल्डरं वेगवेगळी जोडली तर एवढ्यानेही निकाल बरेच उतरतात. शोधण्याआधी डावीकडे त्या जागेवर क्लिक करा, म्हणजे शोध तेवढ्यातच होतो.

टॅगचा_टाका

कोठीवाला यांच्याशी अर्धा असहमत. प्रतींचं फडताळ लाईव्ह १०पर्यंत ठीक होतं. लाईव्ह १२च्या ब्राउझरमध्ये टॅग आहेत, स्वतःचे टॅग-गट बनवता येतात, आणि टॅग व शोध मिळून केलेली गाळणी डावीकडे कायमची ठेवता येते. एक क्लॅप ‘क्लॅप’ही असतो, ‘कोरडा’ही असतो आणि ‘लावणीला चालेल’ असाही असतो; फोल्डर त्याला एकच घर देतं. शिवाय ‘शो सिमिलर फाइल्स’ आहे: एक बरा किक हातात आला की त्याच्यासारखे समोर येतात. हे मोठ्या कोठारावरच खुलतं, १०० फाइलींच्या फोल्डरात त्याचा उपयोग काय?

सात रंगांची कलेक्शन आहेत ती मात्र प्रकारासाठी वापरू नका. ती कामाच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. लाल म्हणजे या गाण्यासाठी बाजूला काढलेलं, पिवळं म्हणजे तपासायचं राहिलेलं. गाणं संपलं की लाल रिकामं.

कोठीवाला

सिमिलरचं मान्य, ते कोठारावरच चालवावं. पण लाईव्हचे टॅग रीपर वाचत नाही, हार्डवेअर सॅम्पलर वाचत नाही, उद्या सॉफ्टवेअर बदललं तर नवंही वाचणार नाही. फोल्डर आणि फाइलनाव सगळे वाचतात. आणि टॅग लावायचे तर मांडणी पूर्ण झाल्यावर. आधी टॅग लावून मग एक्सप्लोररमधून फाइली हलवल्या की गेली मेहनत. ‘एबलटन फोल्डर इन्फो’ नावाचं फोल्डर दिसलं तर कचरा समजून उडवू नका, तुमचे रंग आणि टॅग त्यात असतात.

फोल्डरला एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू गाण्यात कोणतं काम करते? बाकीचे प्रश्न टॅगना.

टॅगचा_टाका

बरं, एवढ्यावर तह.

ठेकेदार_८मात्रा

१८०० देशी तुकड्यांकडे अजून कोणी वळलेलं नाही, आणि खरं काम तिथे आहे. बाजारातल्या पॅकला निदान नाव तरी असतं.

आधी लिपी. देवनागरी नावं आजच्या विंडोज आणि मॅकवर चालतात, पण मी रोमनच सुचवेन. जुनी झिप साधनं देवनागरीचा चुराडा करतात, हार्डवेअरच्या पडद्यावर चौकोन येतात. आणि आपल्या मराठीची खास अडचण म्हणजे ‘ऱ’. युनिकोडमध्ये तो एका कोडनेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. ‘वऱ्हाड’ नावाची फाइल समोर असून सापडत नाही. रोमनमध्ये लिहायचं तर स्पेलिंगची एक यादी करून भिंतीवर लावा: ढोलकीत ‘ल’नंतर ‘ए’ आहे की नाही, पखवाजात ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’, झांजेला ‘झेड’ की ‘जेएच’. एकदा ठरलं की चर्चा नाही.

वन-शॉटचं नाव: वाद्य, बोल, जोर, फेरा, स्थिती. ढोलकी, ना, जोर ३, फेरा २. एका बोलाचे किमान ३ जोर आणि प्रत्येकी ३ फेरे नसतील तर जलद लयीत तोच तोच आवाज येऊन मशीनगन वाजते. बोल ओळखता येत नसेल तर खोटा लिहू नका. ‘उजवी बंद’, ‘डावी घुमारा’ असं आवाजाचं वर्णन पुरतं. संबळाच्या दोन भांड्यांना ‘बारीक’ आणि ‘खर्ज’ म्हणा, आणि काठीने घासून काढलेला आवाज हा आघातापेक्षा वेगळा प्रकार धरा. तो आघातांच्या फोल्डरात टाकला की ड्रम रॅकमध्ये नेहमी उशिरा आल्यासारखा वाटतो, कारण त्याला टोकदार सुरुवातच नाही.

‘स्थिती’ हा रकाना हलगी आणि दिमडीसाठी. कातडं शेकून वाजवतात. तापलेलं असताना सूर चढा आणि आवाज कडक, निवत गेलं की उतरतो. एकाच रेकॉर्डिंगमधला पहिला आणि चाळिसावा ठोका एका लूपमध्ये शेजारी ठेवले तर दोन वेगळी वाद्यं वाटतात. म्हणून ‘कडक’ आणि ‘उतरलेली’ असं नावातच लिहा. मूळ रेकॉर्डिंगचा क्रमांकही शेवटी ठेवा, म्हणजे एकाच बैठकीतले ठोके परत एकत्र काढता येतात.

सुरेल वाद्यांना सूर दोन्ही भाषांत. वादक ‘काळी २’ म्हणेल, सॉफ्टवेअर ‘डी शार्प’. पांढरी १ सी, काळी १ सी शार्प, पांढरी २ डी, काळी २ डी शार्प, पांढरी ३ ई, पांढरी ४ एफ, काळी ३ एफ शार्प, पांढरी ५ जी, काळी ४ जी शार्प, पांढरी ६ ए, काळी ५ ए शार्प, पांढरी ७ बी. फाइलनावात सॉफ्टवेअरचा सूर, आणि ट्यूनरवर मोजून किती सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर-खाली तेही. तबल्याचा दायाँ २० सेंट चढा असेल आणि गाण्यात हार्मोनियम असेल तर ते लगेच टोचतं. दायाँ दोन अर्धस्वरांपेक्षा जास्त सरकवला की चाट पत्र्यासारखी लागते, तेव्हा शोधताना मागेपुढे दोन सूर एवढंच बघा. डग्ग्याला सूर लिहू नका, तो मीडेवर चालतो.

कापताना: आघात फाइलीच्या सुरुवातीपासून १-२ मिलिसेकंदांत यायला हवा. रेकॉर्डिंगची सवय म्हणून १०-२० मिलिसेकंद शांतता मागे राहते आणि मग सगळा ठेका मागे खेचल्यासारखा लागतो. शून्य-छेदावर (आवाजाची लहर शून्यातून जाते तिथे) कापा, १ मिलिसेकंदाचा फेड-इन. शेपूट मात्र कापू नका. नॉइज गेट लावला की डाव्या बाजूचा घुमारा मधेच तुटतो, आणि तो तुटलेला घुमारा रिव्हर्बमध्ये फार ऐकू येतो.

आता लूप. नावात ताल, मात्रा, वेग. वेगाचा घोटाळा टाळायला आधी ठरवा की बीपीएम (मिनिटाला ठोके) म्हणजे सॉफ्टवेअरचा क्लिक. केरवा किंवा भजनी ठेका ८ मात्रांचा, पण क्लिक ४. मात्रा मिनिटाला १८० असतील तर बीपीएम ९०. हे न ठरवल्यामुळे एकाच ढोलकीचे निम्मे लूप ०९० आणि निम्मे १८० असे पडतात. दोन मात्रांना एक क्लिक धरला तर दादरा ३ क्लिक, झपताल ५, रूपक मात्र साडेतीन. रूपकासाठी प्रोजेक्टचा ताल ७/८ ठेवा, ४/४मध्ये ओढू नका.

लूप खरंच बरोबर कापला आहे का हे कानाने नको, आकड्याने तपासा. ८ मात्रा, ४ क्लिक, ९० बीपीएम: ४ गुणिले ६० भागिले ९०, म्हणजे २.६६७ सेकंद. ४४.१ किलोहर्ट्झला बरोबर १,१७,६०० नमुने (आवाजाची डिजिटल मापं), ४८ला १,२८,०००. रीपरमध्ये रूलर नमुन्यांवर ठेवला की लगेच दिसतं. प्रत्यक्ष वादकाचा लूप एवढा नेमका असणार नाही. शे-दोनशे नमुन्यांचा फरक सोडा, हजारांत गेला तर समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) समेवर कापलेलं नाही.

सम हाच कापण्याचा बिंदू. उठाण (समेआधीची उचल) असेल तर ते वेगळ्या फाइलीत, नावात ‘उठाण’. लूपच्या पुढे चिकटलेलं ठेवलं की लाईव्ह पहिला आघात म्हणजेच पहिली मात्रा धरतो आणि सगळं चक्र सरकतं. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) लूपमध्ये टाकूच नका. ती शेवटाकडून लावायची चीज आहे: शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. नावात समेच्या किती मात्रा आधी सुरू होते ते लिहा. ‘तीनताल, तिहाई, सम वजा ८’ म्हणजे नवव्या मात्रेवर फाइल टेकवली की काम झालं, ऐकून शोधायची गरज नाही.

लाईव्हमध्ये ‘लूप/वॉर्प शॉर्ट सॅम्पल्स’ हा पर्याय वन-शॉट निवडताना ‘अनवॉर्प्ड वन-शॉट’वर ठेवा. ‘ऑटो’वर असताना लाईव्ह लांब घुमाऱ्याच्या डग्ग्याला लूप समजून ताणू शकतो.

फोली_फुटाणा

छोटी भर. गाण्याबरोबर वातावरण, पावलं, दारं, बाजार असं काही साठवत असाल तर त्यासाठी नवी पद्धत शोधत बसू नका. यूसीएस म्हणजे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम आहे, ८२ मुख्य वर्ग, सगळं मोफत, नावाची सुरुवात ठरलेल्या वर्ग-संकेताने. संगीताच्या सॅम्पलना ती जड होते, तिथे नको.

आणि वर्णन फाइलीच्या पोटात लिहायचं असेल तर बीडब्ल्यूएफ मेटाएडिट, तेही मोफत. तक्त्यातून एकदम शेकडो फाइलींची वर्णनं भरता येतात. बेक्स्ट या फाइलीतल्या माहिती-कप्प्यातला वर्णनाचा रकाना २५६ बाइट्सचा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपतो, आणि मुळात तो रकाना साध्या रोमनसाठीच आहे. रीपरचा मीडिया एक्सप्लोरर हे वर्णन वाचून त्यात शोधतो. लाईव्ह ते धुंडाळत नाही, त्याला फाइलनाव आणि स्वतःचे टॅगच कळतात.

पिंपळपान_बीट्स

ठेकेदार, तिहाईचं ‘सम वजा ८’ उद्याच लागू करतो. दोन शंका. एक: १८०० फाइलींची नावं एकेक करून बदलायची का? दोन: फडताळातलं सगळं ४८ किलोहर्ट्झ करून, आवाज एका पातळीवर आणून ठेवावं का?

ठेकेदार_८मात्रा

एकेक नाही. रीपरमध्ये एका बैठकीचं सगळं एका ट्रॅकवर घ्या, प्रत्येक ठोक्याला रीजन (नाव देता येणारा पट्टा) करा, रीजनला नाव द्या, मग रेंडरमध्ये रीजन निवडून फाइलनावात रीजनचं नाव येईल असा वाइल्डकार्ड टाका. कापणं, फेड आणि नाव एकाच फेरीत. आधीच कापलेल्या असतील तर बल्क रीनेम युटिलिटी. २० फाइलींच्या प्रतींवर करून बघा, मग सगळ्यांवर. मूळ आकड्यांच्या फाइली तशाच राहू द्या.

एक्सएलएनचं एक्सओ, अल्गोनॉटचं ॲटलस, सोनोनिम वगैरे नकाशा काढणाऱ्या साधनांवर या फाइलींची वर्गवारी सोडू नका. ती स्नेअर, टॉम, पर्क अशा खणांत विचार करतात. हलगी स्नेअरमध्ये आणि डग्गा टॉममध्ये जाऊन बसण्याची शक्यता मोठी. ‘याच्यासारखा आवाज दाखव’ एवढंच काम त्यांना द्या, ते छान करतात.

खटका

४८ करायची गरज नाही. लाईव्ह आणि रीपर दोघेही वाजवताना दर बदलून घेतात. एखाद्या हार्डवेअरला ठरावीकच दर चालत असेल तर फक्त त्याच्यासाठी वेगळी प्रत काढा. २४ बिटचं १६ करून जागा वाचवू नका. वर हिशेब आलाच आहे, वाचते ती जागा नगण्य.

पातळीचं: फाइलींना हात नको. जोर १ आणि जोर ३ एका उंचीवर आणले तर ठेकेदार यांनी सांगितलेली सगळी रचनाच पुसली जाईल. अडचण खरी आहे, मोठ्याने वाजणारं सॅम्पल नेहमी जास्त चांगलं वाटतं आणि आपण तेच उचलतो. त्यासाठी लाईव्हमध्ये मेन ट्रॅकवरची क्यूची (सॅम्पल ऐकून पाहण्याची) पातळी गाण्यापेक्षा थोडी खाली ठेवा, आणि गाणं चालू असतानाच सॅम्पल ऐका. रीपरमध्ये मीडिया एक्सप्लोररचा प्रिव्ह्यू एखाद्या ट्रॅकमधून नेता येतो. त्या ट्रॅकवर एक लिमिटर टाकून ठेवा. कान वाचतील आणि शांत ठोक्यांनाही संधी मिळेल. क्यू एकदा ठरली की तिला मधेच हात लावू नका, नाहीतर काल निवडलेलं आणि आज निवडलेलं यांची तुलनाच होत नाही.